वांगासाठी लिहून दिलेलं तिहेरी क्रीम: काही महिन्यांच्या वापरानंतर

गालांवरच्या आणि वरच्या ओठावरच्या वांगासाठी मला हे क्रीम त्वचारोगतज्ज्ञांनी लिहून दिलं होतं. डाग फिके झाले, हे आधीच सांगते. पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की औषधाला गुणच आला नाही. गुण आला. पण त्वचेचं जे झालं त्याने मी खरोखर घाबरले, आणि ते सुरुवातीच्या जळजळीच्या दिवसांत नाही, तर सगळं छान चाललंय असं वाटत असताना झालं.

ट्यूबवर तीन औषधं लिहिलेली होती: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनोइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्के. त्वचेतला काळपट रंग तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं, त्याला हायड्रोक्विनोन अडवतं. ट्रेटिनोइनमुळे वरच्या थरातल्या पेशी लवकर झडतात आणि हायड्रोक्विनोन आत मुरतं. या दोघांनी त्वचा चिडते, म्हणून तिला शांत ठेवायला तिसरं औषध, म्हणजे स्टेरॉइड. ही कल्पना जुनी आहे, क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी १९७५ मध्ये असंच तिहेरी मिश्रण मांडलं होतं. पण २००२ मध्ये अमेरिकेत वांगासाठी मंजूर झालेल्या क्रीममध्ये स्टेरॉइड आहे ते फ्लुओसिनोलोन, फक्त ०.०१ टक्के, सौम्य गटातलं. आणि तेही साधारण आठ आठवड्यांच्या उपचारासाठी. माझ्या ट्यूबमधलं मोमेटासोन त्याच्यापेक्षा बरंच तीव्र. दोन्ही क्रीमना लोक एकाच नावाने ओळखतात, म्हणून हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

सुरुवातीला नाकाच्या बाजूला आणि हनुवटीवर पोपडे निघाले, साधा फेसवॉशसुद्धा चुरचुरायचा. ट्रेटिनोइनचं हे नेहमीचं आहे. वाटाण्याएवढंच क्रीम, रात्रीच, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, डोळ्यांचे, नाकाचे आणि ओठांचे कोपरे सोडून, असं सांगितलं होतं आणि मी तसंच लावत होते. थोड्याच दिवसांत आग थांबली आणि चेहरा एकदम उजळ दिसायला लागला. आता कळतं की इतक्या लवकर आलेला उजळपणा डाग गेल्याचा नव्हता. हायड्रोक्विनोनचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. स्टेरॉइड मात्र त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करतं, त्यामुळे लाली झाकली जाते आणि चेहरा गोरा भासतो. डाग खरोखर फिके झाले ते पुढे, सावकाश. तपासणीला गेल्यावर ‘फरक चांगला आहे, चालू ठेवा’ असं उत्तर मिळालं. कधी थांबवायचं हे चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं, तोंडीही कुणी सांगितलं नाही. माझी खरी तक्रार ही आहे.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. नाकपुड्यांच्या कडेला लाल, धाग्यासारख्या बारीक रेषा. गालांवर आधी नव्हती अशी लव. तोंडाभोवती एकसारखे लहान पुरळ, पण ओठाला अगदी लागून असलेली कड मोकळी. गालाची त्वचा चकचकीत आणि पातळ झालेली, टॉवेल जरा जोरात फिरला तरी लाल. उन्हात दोन पावलं टाकली की चेहरा तापायचा. यातलं काहीच दुखत नव्हतं, आणि हीच या क्रीमची अडचण आहे. त्वचा चिडली की एरवी ती आग होऊन, खाज सुटून ओरडते. इथे स्टेरॉइड तिचा आवाज दाबून ठेवतं आणि आतून तिला पातळ करत राहतं. म्हणून जळजळ थांबली की सगळं ठीक, हा हिशेब इथे चालत नाही.

दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांनी पाहताक्षणी स्टेरॉइडचा परिणाम ओळखला आणि क्रीम बंद करायला लावलं. त्यांनी एक गोष्ट आधीच बजावली होती, तिच्यामुळे मी तरले: बंद केल्यावर आधी बिघडेल. तसंच झालं. आकुंचलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या आणि चेहरा लालबुंद झाला, पुरळ वाढले, रात्री गाल भाजल्यासारखे व्हायचे. त्या दिवसांत एकच विचार सतत यायचा, पुन्हा थोडंसं लावलं तर लगेच शांत होईल. होतंही. अनेक जण याच टप्प्यावर परत त्याच ट्यूबकडे वळतात आणि मग वर्षानुवर्षं सुटत नाहीत. मला तोंडाभोवतीच्या पुरळांसाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आणि लालीसाठी टॅक्रोलिमस मलम मिळालं. टॅक्रोलिमस स्टेरॉइड नाही, त्याने त्वचा पातळ होत नाही, पण सुरुवातीला तेही चांगलंच झोंबतं. बाकी सगळं बंद: सुगंधी क्रीम, स्क्रब, फेशियल, व्हिटॅमिन सी, सगळं. फक्त सौम्य क्लिन्झर, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन.

सनस्क्रीनबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ते मला फार उशिरा कुणी सांगितलं. सावळ्या त्वचेवरचे वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात. साधं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन अडवतं.

हायड्रोक्विनोनचा एक वेगळा धोकाही लक्षात ठेवा. दीर्घकाळ वापरलं तर क्वचित ऑक्रोनोसिस होतो, म्हणजे जिथे डाग घालवायचे तिथेच निळसर काळे ठिपके उमटतात, आणि ते घालवणं वांगापेक्षा अवघड. डाग कमी व्हायचे थांबून उलट राखाडी दिसायला लागले, तर जास्त क्रीम लावू नका, लगेच दाखवा. क्रीम हवेने तपकिरी पडलं असेल तर ते टाकून द्या. गर्भवती असाल किंवा तसा विचार असेल तर ट्रेटिनोइनबद्दल आधीच डॉक्टरांशी बोला.

आज लाली बरीच ओसरली आहे, पुरळ गेले, लव कमी झाली. नाकाजवळच्या रेषा तशाच आहेत. त्या आपोआप जाण्याची शक्यता कमी, लेझरने जातील असं सांगितलंय, पण त्वचा अजून पक्की झालेली नाही म्हणून थांबले आहे. वांगाचे डाग अर्धेअधिक परत आले. त्यांच्यावर आता ॲझेलेइक ॲसिड चालू आहे. ते हळू काम करतं, थोडं खाजतं, पण महिनोन्‌महिने लावता येतं.

पुन्हा तिहेरी क्रीम वापरेन का? मोमेटासोन असलेलं कधीच नाही. सौम्य स्टेरॉइडचं एखाद्या डॉक्टरांनी सुचवलं तर थांबण्याची तारीख चिठ्ठीवर लिहून घेईन आणि मधल्या काळात एकदा तपासणीची वेळ ठरवूनच ट्यूब उघडेन.