टायरची कव्हरं: तयार सेट की ग्वाल्हेरात शिवून घेतलेली?

मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, वर्षातले आठ-नऊ महिने अंगणात उभीच असते, आणि ग्वाल्हेरच्या उन्हात तिचे टायर झिजण्याआधी तडकतात. रबरात मिसळलेलं मेण हवेतल्या ओझोन वायूपासून साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, जपतं. गाडी पळते तेव्हा टायर दबतो-सुटतो, तसं ते वर येत राहतं. उभ्या गाडीत हे येणं मंदावतं, वरून ऊन रबर सुकवतं आणि बारीक तडे दिसू लागतात. तेव्हा कव्हर हवंच.

ऑनलाइन मिळणाऱ्या तयार सेटचं कापड चांगलं असतं, बाहेर चंदेरी आणि आत मऊ अस्तर. फसतं ते माप. ‘२७ ते २९ इंच’ असं ढोबळ माप असलं की कव्हर सैल बसतं, लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, सुटली की फडफडतं आणि आत शिरलेली धूळ साइडवॉलवर घासत राहते. नुसत्या वेल्क्रोवर बंद होणारं घेऊच नये. एका उन्हाळ्याच्या धुळीने वेल्क्रो भरतं आणि धरेनासं होतं.

शिवून घेतलेलं कव्हर आम्हाला सरस वाटतं. ताडपत्रीच्या दुकानात ‘तिरपाल’ म्हणून विचारावं, पण निळी स्वस्त प्लास्टिकची घेऊ नये, उन्हात तिचा भुगा होतो. ट्रकवर टाकतात तसं जाड पीव्हीसी लेपाचं कापड घ्यावं, पांढरं किंवा चंदेरी, काळं तापतं. आतून सुती अस्तर लावून घ्यावं, कारण पीव्हीसी महिनोन्‌महिने रबराला चिकटून राहणं बरं नाही. शिलाई पॉलिस्टर दोऱ्याची. सुती दोरा पावसात कुजतो.

माप असं काढावं. टायरवर २१५/७५ आर १५ लिहिलेलं असेल तर रुंदी २१५ मिमी, साइडवॉलची उंची तिच्या ७५ टक्के, म्हणजे १६१ मिमी. त्याची दुप्पट अधिक रिमचे १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी, एकूण साधारण ७०३ मिमी, म्हणजे २८ इंच. दर्शनी गोल २९ इंच व्यासाचा ठेवावा, शिलाईचा दाब वेगळा. त्याला ९ इंच रुंद आणि ६९ इंच लांब पट्टी जोडावी. खालचा जवळजवळ पाव घेर उघडाच राहू द्यावा. दोन्ही टोकांना दोन-दोन आयलेट (भोकाभोवतीची धातूची कडी) ठोकून चाकामागून हुकाची इलास्टिक दोरी ओढावी. कड जमिनीपासून दोन इंच वर हवी, नाहीतर पावसाळ्यात आत ओल कोंडते आणि नटांना गंज चढतो. मागची चाकं बॉडीच्या पत्र्याखाली अर्धी झाकलेली असतील तर हे कव्हर वरून चढतच नाही. तिथे चाकाच्या कमानीला बटणांनी अडकवलेली झालर करावी. मागे एका बाजूला दोन-दोन चाकं जोडलेली असतील तर आतल्या टायरला बाहेरच्याची सावली पुरते.

कव्हर चढवण्याआधी टायर साध्या साबणाने धुऊन पूर्ण सुकवावा. चकाकी आणणारं पॉलिश लावू नये. पेट्रोलियमवर बनलेलं पॉलिश रबरालाच इजा करतं. प्रवासाहून आल्यावर ब्रेक निवेपर्यंत थांबावं. पंधरवड्यातून एकदा कव्हर काढून बघावं, आत उंदीर आणि गांधीलमाशा घर करतात.

कव्हर वजन पेलत नाही, हे ग्राहक विसरतात. एकाच जागी दबून टायर चपटा होतो, म्हणून दर दोन महिन्यांनी गाडी थोडी पुढे घ्यावी. हवा सकाळीच तपासावी. २८ अंशांना ५० पीएसआय असलेली हवा दुपारी ४३ अंशांना ५३ च्या आसपास दिसते. ती जास्त समजून सोडली की पहाटे टायर कमी हवेवर उभा राहतो. खाली फळी ठेवायची तर टायरच्या पूर्ण टेकणाऱ्या भागापेक्षा मोठी हवी, अर्धवट फळीची कड टायरमध्ये रुतते.

जागा असेल तर उन्हाळ्यात गाडीचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला ठेवावं. जूनमध्ये इथे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा चाकं कमानीच्या सावलीत राहतात. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मुख्यतः पुढच्या-मागच्या बाजूवर पडतं. डिसेंबरात मात्र दक्षिणेकडची चाकं दिवसभर उन्हात असतात, दोनच कव्हरं असतील तर ती तिकडे लावावीत.

मागे लटकणाऱ्या स्टेपनीसाठी पाचवं कव्हर त्याच कापडातून काढून घ्यावं. ती कधी फिरत नाही, त्यामुळे बऱ्याचदा तीच आधी तडकते. टायर कधी बनला ते सांगणारा तिच्यावरचा चार आकडी कोडही वाचावा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनी, दिसायला चांगला असला तरी, बदलावा.