दोन सीडी, चाळीस हिट गाणी : सात महिने गाडीत वाजवल्यानंतर

ऑगस्टमध्ये गाडीच्या प्लेअरमध्ये एक सीडी अडकली. तीन आठवडे वाजत राहिली, पण बाहेर काही येईना. त्या तीन आठवड्यांत या संग्रहांबद्दलचं माझं मत पार बदललं, म्हणून लिहायला बसलो.

मार्चमध्ये कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजारात इंग्रजी हिट गाण्यांच्या १३ सीडी ५०० रुपयांना घेतल्या. १९९६ ते २००३ मधले संग्रह, दोन-दोन सीडींचे. सहा जोड्या पूर्ण आणि एक सुटी, १९९६ ची दुसरी. हिशेब केला तर गाण्याला दोन रुपयेसुद्धा पडत नाहीत. माझी दुसरी पाळी रात्री बाराला सुटते. शिरोली एमआयडीसीतून रंकाळ्यापर्यंत पंचवीस मिनिटं, म्हणजे सहा-सात गाणी. तेवढ्यासाठी महिन्याचे पैसे भरून ॲप घ्यायला माझं मन होत नाही.

पहिले चार-पाच महिने मी फक्त पहिल्या सीडी लावल्या. नंबरात आलेली सगळी मोठी गाणी तिथंच असतात. दुसऱ्या सीडीवर उरलंसुरलं भरलंय असं वाटायचं. तेव्हा विचारलं असतं तर पाचपैकी तीन दिले असते आणि अर्धा माल भरताड म्हटलं असतं.

मग ती सुटी सीडीच आत अडकली. दुकानात नेली तर म्हणाले, "मालक, लेन्स गेली. ह्यो जमाना संपला बघा, स्क्रीन बसवूया, साडेसहा हजारांत होतंय." उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं. मी गाडी तशीच परत आणली. पुढं एका म्हाताऱ्या कारागिरानं साडेचारशेत लेन्स पुसली, रबरी पट्टा बदलला, सीडी हातात दिली. लेन्स ठणठणीत होती. त्या साडेसहा हजारांचा राग अजून गेलेला नाही.

पण ते तीन आठवडे रोज तीच दुसरी सीडी ऐकली. तिच्यात शेवटाकडे रॉबर्ट माइल्सचं 'चिल्ड्रन' आहे. शब्द नाहीत, पियानो आणि खाली ठेका. १९९५ चं. इटलीत रात्रभर क्लबात नाचून पहाटे घरी निघालेली पोरं अपघातात मरत होती. गाडीत बसायच्या आधी त्यांची डोकी शांत व्हावीत, रात्रीच्या शेवटी लावता यावं, हा ते बनवण्यामागचा एक हेतू होता. हे मला नंतर कळलं. पाळी संपवून पंचगंगेचा पूल ओलांडताना ते लागायचं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप हलका व्हायचा. एरवी हे गाणं मी शोधून ऐकलं नसतं. जे नाव माहीत नाही ते शोधणार कसं?

आता माझी खरी तक्रार. हे गाणं मुळात साडेसात मिनिटांचं आहे. सीडीवर आहे चारेक मिनिटांचं. जे हळूहळू चढत जायला हवं तेच कापलंय, आणि आपण जरा निवांत होतोय तोवर आवाज उतरायला लागतो. ज्या गाण्याचं काम माणसाला सावकाश खाली आणायचं, त्यालाच घाई! कारण साधं आहे. सीडीत मावतात ८० मिनिटं, त्यात वीस गाणी बसवायची, म्हणजे गाण्याला चारच मिनिटं. मग रेडिओसाठी छाटलेली आवृत्ती घेतात. छाटा, पण पाकिटावर ठळक लिहा. कॉलेजात असताना आम्ही दुकानातून नव्वद मिनिटांची कॅसेट भरून घ्यायचो. बाजू संपायला दोन मिनिटं उरली की दुकानातले काका विचारायचे, "अर्धं चालेल, का दुसरं लहान टाकू?" विचारायचे तरी! सोळा गाणी घाला, पण पुरती घाला.

हिट गाणी गोळा करून असे संग्रह काढायची पद्धत जुनीच आहे. ब्रिटनमधली 'नाऊ दॅट्स व्हॉट आय कॉल म्युझिक' मालिका २८ नोव्हेंबर १९८३ ला सुरू झाली. दोन एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या, ३० गाणी, त्यातली ११ तिथल्या विक्रीयादीत पहिल्या नंबरावर पोचलेली. एकेका गाण्यासाठी वेगळी तबकडी घेण्यापेक्षा लोकांना हे परवडलं. पुढं जानेवारी १९८९ पासून तिथं संग्रहांची विक्रीयादीच मुख्य अल्बमच्या यादीतून वेगळी काढली.

एक मात्र मानतो, या संग्रहांत ते वर्ष जसंच्या तसं सापडतं. पुढं मोठे झालेले आणि एकाच गाण्यानंतर विसरले गेलेले, दोघं शेजारी. आज कुणी १९९६ ची यादी करायला बसला तर विसरलेल्यांना कशाला घेईल? आता मी आधी दुसरी सीडीच लावतो. पाचपैकी चार. एक कापला तो त्या साडेतीन मिनिटांसाठी.

जुनी सीडी घेताना चकचकीत बाजूपेक्षा छापील बाजू नीट बघा. धातूचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो, तिथं खोल चरा गेला की पॉलिशनं काही होत नाही. माझ्या १३ मधल्या दोन अशाच वाया गेल्या.

आणि १९९६ च्या त्या जोडीतली पहिली सीडी कोल्हापुरात कुणाकडे सुटी पडली असेल तर सांगा. शंभरपर्यंत देईन, छापील बाजू बघून.