रादोनित्साच्या दिवशी रशियन खेड्यात: एका मार्गदर्शित सहलीविषयी

रशियातील एका खेड्याची ही सहल आम्ही मुद्दाम रादोनित्साला, म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ईस्टरनंतर 9 दिवसांनी येणाऱ्या, दिवंगतांच्या स्मरणाच्या मंगळवारी केली. स्मशानभूमीत निळ्या रंगाच्या लोखंडी कुंपणांच्या आत, थडग्यांशेजारच्या छोट्या बाकांवर कुटुंबे बसली होती आणि रंगवलेली अंडी व कुत्या नावाचा गहू-मधाचा गोड पदार्थ दिवंगतांसाठीही ठेवत होती. आपल्या सर्वपित्री अमावास्येच्या आठवणीने मन भरून आले. छायाचित्रे न काढण्याची मार्गदर्शक बाईंची सूचना मला फार योग्य वाटली. गावकऱ्यांनीच उभारलेल्या क्रीडांगणात जुने टायर कापून, वळवून केलेले पांढरे हंस होते, परंतु तेथे जेमतेम दहा मिनिटे मिळाली. आयोजकांनी हा वेळ अवश्य वाढवावा.