झूमवाली एलईडी बॅटरी, आठ महिन्यांनंतर: उजेडाला पैकीच्या पैकी, बटणाला शून्य

आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्या आत घालतात तो सेल. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

दिवाळीनंतर मागवली. ३४९ रुपये, त्यात सेल, चार्जर आणि मनगटात अडकवायची दोरी. सगळ्यांनी पाहिलेलीच आहे: काळी, वीतभरही नाही, पुढचं डोकं ओढलं की फोकस बारीक, आत ढकललं की पसरट. आठवडाभर वापरून चार स्टार दिले होते. मे महिन्यात एकावर आणले. आता परत लिहायला बसलोय, कारण मधल्या काळात बरंच पाणी वाहून गेलं आणि त्यातलं थोडं या बॅटरीतूनच गेलं.

वापर कसा, तेही सांगतो, कारण घरात लाईट गेल्यावर मीटरपाशी जायला बॅटरी लागणाऱ्यांचा आणि आमचा हिशोब वेगळा. जुन्नरचा पट्टा, दोन एकर ऊस. शेतीची थ्री-फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बाराला उठून दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, जायचं. एका हातात फावडं, दुसऱ्यात बॅटरी. पायाखाली घोणस असू शकते आणि फडात बिबट्या. आमच्या भागात ही गोष्ट सांगायला नवी राहिलेली नाही. थोडक्यात, रात्री सहा-सात तास, चिखलाच्या हाताने, असा वापर.

आधी झूम. घेताना मला ते पोरखेळ वाटलं होतं. चूक माझी. आजोबांच्या तीन सेलच्या स्टीलच्या बॅटरीलाही डोकं पिळून फोकस लहान-मोठा करता यायचा, पण मधोमध काळा डाग राहायचा. इथे भिंग आहे. आत ढकललं की पुढे दहा-बारा पावलं सगळीकडे सारखा उजेड, सरीत पाणी कुठवर आलंय ते दिसतं, पाय कुठे पडतोय ते दिसतं. मण्यार चावली तर दुखतसुद्धा नाही म्हणतात, कित्येकांना कळत नाही, त्यामुळे पायापुरता उजेड हीच आमची खरी गरज. भिंग बाहेर ओढलं की बांधाच्या त्या टोकाला चौकोनी ठिपका पडतो. तो चौकोन म्हणजे आतल्या एलईडीच्या चिपचंच चित्र, भिंगाने मोठं करून पुढे फेकलेलं. मात्र ओढल्यावर उजेड वाढतो हा भ्रम आहे. बाजूला जाणारा उजेड नळीतच अडकतो, उरलेला एका जागी पडतो म्हणून जास्त वाटतो.

खोक्यावर ५०० मीटर लिहिलंय. हे अंतर मोजायची रीत ऐकून मी हसलो होतो. जिथे उजेड पाव लक्सवर येतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तिथवरचं अंतर धरतात. चांदण्यात बिबट्या ओळखायची ज्याची तयारी असेल त्याने तो आकडा धरावा. मला शंभर-सव्वाशे पावलांवर चमकणारे डोळे दिसतात. आजवर दिसलेले सगळे डोळे ओढ्यापलीकडच्या तात्यांच्या कुत्र्याचे निघाले, ही गोष्ट वेगळी.

उजेडाचा रंग निळसर पांढरा. या एलईडीत चिप निळी असते आणि तिच्यावर पिवळा थर, त्यातून पांढरा उजेड होतो, पण लाल रंग त्यात कमीच. परिणाम असा की पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यावर, टाकला की सगळं राखाडी. घोणस आणि पाचट यांचा रंग तसाही एकच, त्यात हा उजेड. पिवळट उजेडाची मिळाली तर शंभर रुपये जास्त देऊन घ्या. हे मी लिहितोय याचं आमच्या घरी कुणाला खरं वाटणार नाही.

आता बटण. शेपटाला रबरी बटण आहे. पहिल्यांदा दाबलं की फुल. बंद करून लगेच परत दाबलं की मध्यम. मग डिम. मग फडफड. मग एसओएस, तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड. पाच प्रकार! मला लागतो एक. चिखलाचा अंगठा जरा घसरला, अर्धवट दाबला गेला, की पुढचा प्रकार. फुलवरून परत फुलवर यायचं तर मध्ये सगळी आरती ओवाळून यावं लागतं. डिसेंबरात एका रात्री असाच फेऱ्या मारत होतो तर ओढ्यापलीकडून तात्यांचा फोन, “काय रे, वाघ आलाय का?” म्हटलं, नाही तात्या, बॅटरी फुलवर आणतोय.

जहाज बुडाल्यावर द्यायचा इशारा उसाच्या सरीत कशासाठी, हे मी विक्रेत्याला विचारलं. उत्तर आलं, “सर, ये फीचर है.”

इथवर ती नुसती कटकट होती. जानेवारीत मात्र मी घाबरलो. आमची विहीर सामाईक, चुलत्यांची मोटार आणि आमची शेजारी शेजारी. दोन्ही चालू होत्या. पाणी कमी वाटलं म्हणून विहिरीवर गेलो, बॅटरी नेमकी डिमवर अडकलेली. मोनोब्लॉकच्या (मोटार-पंप एकत्र असतो तो) ग्लँडपाशी, शाफ्ट पंपात शिरतो तिथे, उजेड टाकला तर शाफ्ट जवळजवळ उभा, अगदी सावकाश उलटा फिरतोय असा. आवाज दोन मोटारींचा, त्यामुळे त्यावरून काही कळेना. वाटलं एक फेज गेली, मोटार नुसती गुणगुणतेय, आता जळणार. धावत जाऊन स्टार्टर पाडला. पाडल्यावर शाफ्ट खरा थांबला, तेव्हा कळलं की तो पूर्ण वेगाने फिरत होता. कुणी नवखा असता आणि त्याने बोट लावून बघितलं असतं तर?

पोराने नंतर समजावलं. डिम म्हणजे करंट कमी नाही, एलईडी सेकंदात शंभरदा वगैरे चालू-बंद होते, डोळ्याला ते मंद वाटतं. मोटार सेकंदाला पन्नासाच्या आसपास फेरे घेते. दोघांचा ताल जुळला की फिरणारी वस्तू उभी दिसते. तुमच्याकडे अशी बॅटरी असेल तर डिमवर ठेवून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा, पडद्यावर पट्टे हलताना दिसले तर तीच भानगड. मोटार, कडबाकुट्टी, गिरणी, कुठेही फिरत्या भागाजवळ डिमवर न्यायची नाही.

सेलबद्दल थोडक्यात. १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. वर छापलंय ९९०० एमएएच, म्हणजे सेलात किती वीज मावते त्याचा आकडा. या मापात चांगल्यात चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास असतो, ९९०० असूच शकत नाही. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला, ३१ ग्रॅम भरला. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधला त्याच मापाचा सेल ४५. मार्चपर्यंत सोबतचा सेल दीड तासावर आला. वेगळा चांगला सेल घेतला, तो रात्र काढतो. म्हणजे ३४९ ची बॅटरी मला पाचशेच्या वर पडली.

मे महिन्यात वळीव आला. गोठ्यात वैरण आत घेईपर्यंत भिजलो, बॅटरीही भिजली. सकाळी भिंगाच्या आतून दव, संध्याकाळी बटण मेलं. खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ आहे, पण पुढे आयपीचा, म्हणजे पाणी-धूळ किती अडवते ते सांगणारा, आकडा नाही. आकडा नसेल तर तो शब्द म्हणजे टेम्पोमागे लिहिलेली शायरी. शिवाय झूम पुढे-मागे केलं की डोकं सायकलच्या पंपासारखं हवा ओढतं, हवेबरोबर ओल आणि धूळ. आतलं रबरी कडं माझ्याकडे आली तेव्हाच कोरडं होतं, त्याला थोडं सिलिकॉन ग्रीस लावलेलं असतं तर बहुधा ही वेळ आली नसती.

विक्रेत्याकडे तक्रार केली. वॉरंटी सहा महिने लिहिलेली, माझे साडेसहा झालेले. म्हटलं पार्ट द्या, पैसे घ्या. “पार्ट मिळत नाही, नवीन घ्या, दहा टक्के सूट देतो.” अकरा मेसेज झाले. एक स्टार तेव्हाचा. तो रागातला होता, पण खोटा नव्हता.

मग बाजाराच्या दिवशी नारायणगावला गेलो. मिक्सर-रेडिओ दुरुस्त करणारा एक जण बसतो. त्याने शेपूट उघडलं, बटणाची स्प्रिंग हिरवी पडलेली. दुसऱ्या भंगार बॅटरीतलं बटण काढून बसवलं. मी उभ्या उभ्या पाच प्रकारांचं रडगाणं गायलो तर त्याने मान वर न करताच विचारलं, “एकच ठेवू का?” डोकं खोललं, एलईडीमागची नाण्याएवढी सर्किटची चकती उपटली, तिच्या जागी एक बारका रेझिस्टन्स टाकला. झालं. आता दाबलं की चालू, दाबलं की बंद. चाळीस रुपये, चहा माझ्याकडून.

तेव्हापासून माझं मत फिरलं. उजेड आधीच्या फुलपेक्षा किंचित कमी आहे, पण अंग तापत नाही. पूर्वी अर्ध्या तासात हातात धरवत नव्हती. सेल उतरायला लागला की उजेड हळूहळू कमी होतो, आपोआप कळतं की दुसरा सेल घालायचा. मी तो फार पिळून काढत नाही, लिथियमचा सेल तळाला नेला की खराब होतो. कडं ग्रीस लावून घेतलंय. अॅल्युमिनियमचं अंग दोनदा स्टार्टरच्या पेटीवरून फरशीवर पडलं, एक पोचा आला, बाकी ठणठणीत. शेपटाचे आटे मात्र झिजायला लागलेत, फिरवताना करकर होते.

चार स्टार परत देतोय. त्यातला अर्धा त्या दुरुस्तीवाल्याचा, पण अर्धा स्टार वेगळा देता येत नाही.

तात्यांनीही हीच मागवलीय, परवा येईल. खोकं फोडायच्या आधी नारायणगावला न्यायची ठरलंय.