सांगलीतील एक वास्तुपुरस्कार : परीक्षणाची पद्धत आणि तिच्यातील उणिवा

सांगली जिल्ह्यातील घरे आणि व्यावसायिक इमारती यांना दिल्या जाणाऱ्या एका पुरस्काराच्या परीक्षक मंडळावर यंदा मी काम केले. संस्थेचे नाव येथे देत नाही. मात्र प्रवेशिका पाठवू इच्छिणारे आर्किटेक्ट आणि आपल्या घराची निवड व्हावी असे वाटणारे घरमालक यांना हे काम आतून कसे चालते ते कळावे, यासाठी हा अभिप्राय.

कार्यालयीन व्यवस्था चोख होती. प्रवेशिकांवरील नावे झाकलेली होती (अर्थात, सांगलीएवढ्या शहरात दर्शनी भाग पाहून काम कोणाचे हे निम्म्या परीक्षकांना कळतेच), आणि ज्या कामाशी परीक्षकाचा संबंध होता त्यावरील चर्चेच्या वेळी त्याने बाहेर बसावे, हा नियम कसोशीने पाळला गेला.

खरी अडचण पहिल्या फेरीत आहे. ही फेरी केवळ छायाचित्रांवर आणि प्लॅनवर होते. सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यास आतील उंच-सखल पातळ्या कशा दिसतील ते दाखवणारे रेखाचित्र, देणे ऐच्छिक ठेवले आहे. सांगलीत हे चालण्यासारखे नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट असताना २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते, आणि गावभागातील कित्येक घरांचे तळमजले बुडाले होते. अशा गावात जोते किती उंच घेतले, मीटर आणि इन्व्हर्टर कोठे बसवले, पाणी ओसरल्यावर तळमजला धुऊन पुन्हा वापरता येतो का, हे प्रश्न दर्शनी भागाच्या रंगसंगतीआधी विचारायला हवेत, आणि त्यांची उत्तरे वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी काढलेल्या छायाचित्रांत सापडत नाहीत.

प्रत्यक्ष पाहणी मात्र या पुरस्काराची सर्वांत जमेची बाजू आहे. नदीजवळच्या एका घराचे फोटो इतके साधे होते की ते यादीतून जवळजवळ वगळले गेले होते. जागेवर गेल्यावर दिसले की तळाशी केवळ पार्किंग आणि पाण्याने न फुगणारी फरशी आहे, विजेचा सगळा पसारा पहिल्या मजल्याच्या जिन्यापाशी नेला आहे आणि स्वयंपाकघराला पूर्वेचा उजेड मिळतो. उलट, फोटोंत सर्वांना आवडलेल्या दुसऱ्या एका बंगल्यात खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेलेल्या आढळल्या. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया तिच्याखालच्या मुरमापर्यंत नेला नाही, तर भिंती हा हिशेब वसूल करतातच.

व्यावसायिक इमारतींच्या बाबतीत माझे मत अधिक कठोर आहे. घर आणि दुकान दोघांनाही एकच गुणपत्रिका लावली जाते, आणि तिच्यात सर्वाधिक वजन दर्शनी भागाला आहे. परिणामी पश्चिमेकडे सलग काच लावलेली एक शोरूम पहिल्या फेरीत वर आली. दुपारी पाहणीला गेलो तेव्हा आत सगळे पडदे ओढलेले होते, दिवे लावलेले होते आणि एसी पूर्ण जोरात चालू होता. दुसऱ्या एका संकुलात चाकाच्या खुर्चीसाठीचा रॅम्प १:१२ या मान्य उतारापेक्षा बराच उभा होता आणि त्याचा उपयोग दुचाकी चढवण्यापुरताच होत होता. कर्मचारी महिलांचे स्वच्छतागृह कोठे आहे, हा प्रश्न गुणपत्रिकेत नव्हता. आम्ही तो स्वतःहून विचारला आणि दोन ठिकाणी उत्तर मिळाले नाही.

१९७७ मध्ये स्थापन झालेल्या आगा खान वास्तुपुरस्कारात अंतिम यादीतील प्रकल्प तज्ज्ञांकडून जागेवर तपासून घेतले जातात, तेही जगभरातले. येथे तर सगळे काम मिरज ते विटा एवढ्या टापूत आहे. त्यामुळे पाहणी शेवटच्या मोजक्या प्रवेशिकांपुरती न ठेवता आधीच्या फेरीतही आणणे संस्थेला अवघड जाऊ नये.

समारंभाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. प्रायोजक टाइल्स कंपनीची चित्रफीत विजेत्यांच्या मानपत्रांपेक्षा लांबली, एवढेच.

तरीही प्रवेशिका पाठवावी, असेच मी सुचवेन, कारण परीक्षकांनी जागेवर दिलेले शेरे लेखी मिळतात आणि ते उपयोगी असतात. मागितला नसला तरी सेक्शन जोडावा आणि इमारतीने निदान एक पावसाळा काढल्यानंतरचे फोटो पाठवावेत. प्रवेश शुल्क परत मिळत नाही, हे अर्ज भरण्यापूर्वी लक्षात घ्यावे.