ऑर्लिक की कीथ? जपानच्या रोजच्या जगण्याचं एकच छापचित्र घ्यायचं असेल तर

जपानमधल्या साध्या माणसांचं जगणं दाखवणारं, पण युरोपातून आलेल्या चित्रकाराचं लाकूडठशाचं चित्र घ्यायचं मनात असेल, तर आधी दोन नावं पाहा: प्रागचा एमिल ऑर्लिक (१८७०–१९३२) आणि स्कॉटलंडची एलिझाबेथ कीथ (१८८७–१९५६). दोघांचीही चित्रं देखणी आहेत. फरक आहे तो कामाच्या रीतीत, आणि निवडही त्यावरूनच करावी.

जपानची जुनी पद्धत अशी, की चित्र काढणारा एक, लाकूड कोरणारा दुसरा आणि ठसा छापणारा तिसरा. १९०० साली ऑर्लिक तिकडे गेला तो हे तंत्र मुळापासून शिकायलाच. त्याने कोरणं आणि छापणंही स्वतःच्या हातात घेतलं. १९०१ सालच्या त्याच्या तीन चित्रांचा विषयही तोच आहे: चित्रकार, कोरणारा आणि छापणारा. तिघंही जमिनीशी बसलेले, पाठ वाकलेली, नजर कामावर. पाहणाऱ्याकडे कुणाचंच लक्ष नाही. रंग मोजके, रेघ ठाम. माणूस कष्ट करताना कसा बसतो, शरीराचा भार कुठे टाकतो, हे या चित्रांत जसं दिसतं तसं मला फार कमी ठिकाणी सापडलं. फुजीकडे निघालेले यात्रेकरूही त्याने याच आस्थेने चितारले आहेत.

कीथ १९१५ साली बहिणीकडे तोक्योला आली आणि कित्येक वर्षं राहिली. ती जलरंगात चित्र करायची. प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांच्या कार्यशाळेतले कारागीर त्यावरून ठसे कोरायचे आणि छापायचे. त्यामुळे वस्त्रांवरची नक्षी, कंदिलांचा उजेड, आकाशात हळूहळू विरघळत जाणारी रंगछटा, हे सगळं अतिशय सफाईने उतरतं. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले हात आहेत ते. मात्र तिची मला सर्वांत भिडलेली चित्रं कोरियाची आहेत. जपानच हवं असेल तर नाव पाहून भुलू नका, चित्रातलं गाव कुठलं ते विचारा.

घेताना दोन गोष्टी जरूर तपासा. ऑर्लिकचा १९०४ सालचा जपानवरचा चित्रसंच एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून केलेली छपाई) आणि शिळाछापाचा (दगडावर काढलेल्या चित्राची छपाई) आहे, लाकूडठशाचा नाही. तोही सुंदर आहे, पण वस्तू वेगळी. शक्य असेल तर कागद उलटून पाहा. लाकूडठशात कागद ठशावर ठेवून मागून बारेन नावाच्या गोल गादीने घासतात, त्यामुळे मागच्या बाजूला पुष्कळदा घासल्याच्या खुणा आणि झिरपलेला रंग दिसतो. एचिंगमध्ये धातूच्या पत्र्याची दबलेली कड चित्राभोवती उमटते. शिळाछापात सहसा दोन्ही नसतं.

कीथच्या बाबतीत साल महत्त्वाचं. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत वातानाबेंच्या कार्यशाळेतले ठसे आणि छापून ठेवलेली चित्रं जळाली. त्याआधीच्या प्रती म्हणून दुर्मीळ. शिवाय ठसे शाबूत असले की पुन्हा छापता येतं, तेव्हा पेन्सिलीची सही, प्रकाशकाचा शिक्का आणि छपाईचा काळ हे विक्रेत्याकडून लिहून घ्या.

दोन्ही चित्रं उन्हापासून जपायला हवीत. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात भिंतीची ओल कागदाला लागली की तपकिरी डाग पडतात. आम्लमुक्त पुठ्ठ्याची मांडणी आणि काच आणि कागद यांच्यात थोडी फट, एवढा खर्च धरूनच चला.

दिवाणखान्यात रंगांनी उजळणारं, लांबूनही डोळ्यात भरणारं काही हवं असेल तर कीथ घ्या. मला विचाराल तर ऑर्लिकचा छापणारा. कीथच्या चित्रावर ज्याच्या हाताची मेहनत आहे पण चेहरा कुठेच नाही, तो कारागीर इथे समोर बसलेला आहे.