बोटीवरची नोकरी आणि 'समुपदेशन शुल्का'ची पावती

डिचोलीच्या माझ्या भाच्याला बोटीवर जायचं होतं. त्यात नवल काही नाही. गोव्यात बोटीच्या पगारावर उभी राहिलेली घरं सगळ्यांनीच पाहिलीत, आणि केटरिंगचा कोर्स केलेल्या पोराच्या डोक्यात क्रूझ असतेच. एजंटाचा नंबर दिला तो आमच्याच ओळखीतल्या एका गृहस्थांनी. "आपलाच माणूस, डोळे मिटून जा," म्हणाले. घरच्यांनी डोळे मिटले.

मडगावला दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, एसी, भिंतीवर बोटींची पोस्टरं. आधी फाइल चार्ज १५ हजार. मग व्हिसा आणि मेडिकलचे ४० हजार. मग 'जागा पक्की करायला' १ लाख २० हजार, तेही रोख आणि उद्या चारच्या आत, नाहीतर म्हणे दुसरा मुलगा तयारच आहे. बहिणीने सोसायटीतून कर्ज काढलं. पासपोर्ट 'स्टँपिंगसाठी' तिथेच राहिला.

जॉइनिंगची तारीख पुढे पुढे जायला लागली तेव्हा बहीण सगळे कागद घेऊन माझ्याकडे आली. माझा जन्म हिशेबनीस म्हणून गेला, त्यामुळे मी आधी पावत्या काढल्या. दोन्ही पावत्यांवर एकच मजकूर: 'करिअर समुपदेशन शुल्क. परत मिळणार नाही.' बोटीचं नाव नाही, नोकरीचा उल्लेख नाही. उद्या भांडायला गेलात तर ते सरळ सांगणार, आम्ही सल्ला दिला, त्याचे पैसे घेतले. मोठ्या रकमेची तर पावतीच नव्हती.

मग जॉइनिंग लेटर. रंगीत लोगो, गोल शिक्का, सगळं झकास. पण बोटीचा आयएमओ क्रमांक, म्हणजे प्रत्येक जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, सहा आकडी. तो नेहमी सात आकडी असतो, आणि शेवटचा आकडा आधीच्या सहांवरून ठरतो. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा तोच क्रमांकाचा सातवा. उदाहरणार्थ ९०७४७२९: ६३, ०, ३५, १६, २१, ४, बेरीज १३९, शेवटी ९. पाचवीतलं गणित. अर्थात चलाख माणूस खऱ्या बोटीचा नंबरही टाकू शकतो, म्हणून एवढ्यावर थांबू नका.

खरी गोष्ट पुढे आहे. भारतातून बोटीवर माणसं पाठवणाऱ्या एजंटाला नौवहन महासंचालनालयाचा, म्हणजे डीजी शिपिंगचा परवाना लागतो. त्याला आरपीएसएल म्हणतात, आणि परवानाधारकांची यादी डीजी शिपिंगच्या साइटवर आहे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला मनाई आहे. बोटीवरचे वेटर, स्वयंपाकी, हाउसकीपिंगवालेही यात आले. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) यांचा खर्च आपला असू शकतो, पण 'जागा पक्की करायला' म्हणून काही नसतं. परवान्याचा नंबर मागितला असता तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. भाचा म्हणतो, "मामा, ते काकांच्या ओळखीचे, त्यांना कसं विचारणार?" पोराचं काय चुकलं? मोठ्यांना उलट प्रश्न करायचा नाही हे आपणच शिकवतो, आणि मग अठराव्या वर्षी त्याला एकदम एजंटासमोर नेऊन बसवतो. आमच्याकडे तर ओळख निघाली की कागद बघणं म्हणजे अपमान. हे धंदेवाले नेमके त्यावरच जगतात.

आम्ही आधी पासपोर्ट सोडवला. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, खासगी माणसाला तो अडकवून ठेवता येत नाही, हे लेखी दिल्यावर दुसऱ्या दिवशी निमूट मिळाला. पैशांची तक्रार पोलिसांकडे आहे. तिथे उपयोगी पडले ते यूपीआयने गेलेले ४० हजार, कारण ते कंपनीच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यात गेल्याचं स्टेटमेंटमध्ये दिसतं. रोख दिलेल्याला व्हॉट्सॲपवरच्या मेसेजांचाच काय तो आधार. ते चॅट पोराने रागाने डिलीट करायला घेतलं होतं, आईने हात धरला म्हणून वाचलं. तुमचे पैसे ऑनलाइन गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवली तरच हाती लागते.

नंबर देणारे ते गृहस्थ परवा साखळीला एका लग्नात भेटले. "मी फक्त नंबर दिला," म्हणाले. त्यावर त्यांना किती मिळाले हे मी सगळ्यांसमोर विचारलं. जेवण न करताच गेले.